दुसऱ्या गालाचं काय?

फोटोत सगळं दिसलं पाहिजे, ही आपल्याकडची मूळ अट. दोन्ही कान, दोन्ही गाल, मंगळसूत्राच्या दोन्ही वाट्या आणि जमलं तर मागचा फ्रीज. पैसे मोजून अंधार कोणी विकत घेत नाही. आमच्याकडे मात्र गेल्या हिवाळ्यापासून तो घाऊक येतो आहे. न्यू जर्सीत डिसेंबरात साडेचारलाच दिवेलागण होते. अशा वेळी इतरांचे नवरे बेसमेंटमध्ये जाऊन मॅच बघतात. माझ्या नवऱ्यानं ‘ड्रमॅटिक पोर्ट्रेट’ काढायला घेतली.

कृती अशी : दिवा एकच. तो चेहऱ्याच्या एका बाजूला, पंचेचाळीस अंशांत, डोळ्यांच्या बराच वर. दुसरी बाजू अंधारात जाऊ द्यायची. पण त्या अंधाऱ्या गालावर, बरोबर डोळ्याखाली, उजेडाचा एक त्रिकोण उमटला पाहिजे. डोळ्यापेक्षा रुंद नको, नाकापेक्षा लांब नको. याला रेम्ब्रांट लायटिंग म्हणतात. त्रिकोण पुरा व्हायला नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन भेटावी लागते. माझं नाक माहेरचं, बसकं. त्याची सावली निघते आणि वाटेतच थांबते. इतक्या वर्षांच्या संसारात सासरच्या कोणी माझ्या नाकाला नावं ठेवली नव्हती. ते काम शेवटी एका सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराच्या नावानं झालं.

हे नाव सिनेमावाल्यांत रुजवल्याचं श्रेय हॉलिवूडच्या सिसिल बी. डेमिलला देतात. ‘द वॉरन्स ऑफ व्हर्जिनिया’ या १९१५ सालच्या सिनेमात त्यानं नटांचे अर्धे चेहरे काळोखात ठेवले. धंदा बघणाऱ्या सॅम्युअल गोल्डविनची (तेव्हा त्याचं आडनाव गोल्डफिश होतं) तार आली, की अर्धाच नट दाखवलात तर थिएटरवाले पैसेही अर्धेच देतील. डेमिलनं उलट तार केली : याला रेम्ब्रांट लायटिंग म्हणतात, तुम्हाला कळत नसेल तर माझा इलाज नाही. गोल्डविन खूश! रेम्ब्रांट असेल तर दुप्पट घेऊ म्हणाला. ही हकीकत डेमिलनं स्वतःच सांगितलेली आहे, त्यामुळे तिच्यावरही थोडं लायटिंग झालेलं असणार.

आमच्या सासूबाईंना तार करावी लागली नाही. त्या पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडेच आल्या होत्या. माझा फोटो बघून म्हणाल्या, “अर्धीच आलीयस गं. लाइट गेले होते का?”

“नाही आई, मुद्दाम केलंय.”

“मुद्दाम?” लोडशेडिंगमध्ये उमेदीची वर्षं काढलेल्या बाईला, मुलगा अमेरिकेत येऊन खर्च करून अंधार पाडतो, हे पटेना.

आणि खर्च अंधाराचाच जास्त असतो. दिवा साधा, हार्डवेअरच्या दुकानातला चिमट्याचा. त्याचा उजेड मऊ करायला माझ्या नानकटाईचा पार्चमेंट पेपर पुढे लावला. पण इथल्या घरांच्या भिंती सगळ्या पांढऱ्याफटक. एका बाजूनं उजेड टाकला की समोरची भिंत तो परत करते आणि जमवलेली सावली धुऊन निघते. म्हणून सावलीच्या बाजूला काहीतरी काळं उभं करायचं, म्हणजे ते उजेड गिळून टाकतं. नवऱ्याला कपाटात सासूबाईंची संक्रांतीची चंद्रकळा सापडली. ती आधी स्टँडवर टांगली, स्टँड पडल्यावर मी हातात धरली. मागची भिंत काळी करायला मात्र कापड लागत नाही, नुसतं फिजिक्स लागतं. दिवा चार फुटांवरून दोन फुटांवर आणला की चेहऱ्यावरचा उजेड चौपट होतो. कॅमेऱ्यात तेवढाच कमी केला, की लांबच्या भिंतीच्या वाट्याला काही उरत नाही आणि ती आपोआप बुडते. बारावीच्या फिजिक्सचा संसारात उपयोग झालेला मी प्रथमच पाहिला.

आईला पटवायला नवऱ्यानं हळदणकर काढले. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधली ती दिवेवाली : एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांच्या फटींतून लालसर उजेड. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी ती जलरंगात रंगवली, आणि समोर उभी होती त्यांची स्वतःची मुलगी.

“ते रविवर्म्याचं आहे,” सासूबाई म्हणाल्या. अर्ध्या भारताला असंच वाटतं, त्यामुळे त्यांचा आवाज बहुमताचा होता.

“नाही गं आई. बघ, दिवा एकच आहे. हा हात म्हणजे फ्लॅग. उजेड अडवायला.”

“वारा अडवायला आहे तो. दिवा विझू नये म्हणून. बायका उगीच हात धरत नाहीत.”

तरीही हळदणकरांच्या मुलीइतकी आपली योग्यता आहे हे मनाशी ठरवून त्या खुर्चीत बसल्या. डोळ्यात दिव्याचा एक ठिपका चमकला पाहिजे, नाहीतर माणूस गेल्यासारखा दिसतो, असं नवऱ्यानं सांगितल्यावर त्यांनी डोळे असे वटारले की ठिपका सोडा, आख्खा दिवा दिसला.

खरं नाट्य रात्री, लॅपटॉपवर. फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं, पण त्यातली ‘डॉज’ आणि ‘बर्न’ ही हत्यारं डार्करूममधली. एकाचं चित्र काळ्या लॉलीपॉपचं, दुसऱ्याचं हाताच्या मुठीचं. डार्करूमवाले तारेला पुठ्ठ्याची चकती लावून कागदावर पडणारा उजेड अडवत, तेवढा भाग गोरा होई. मुठीच्या भोकातून जादा उजेड सोडला, तो काळा होई. ज्याला जास्त दिलं त्याचंच तोंड काळं, हा न्याय मला नात्यागोत्यात पूर्वी भेटलेला आहे.

या हत्यारांचे दोन पंथ आहेत. पहिला हॉलिवूडच्या जॉर्ज हरेलचा. त्यानं १९३१ साली जोन क्रॉफर्डचे मेकअपशिवाय फोटो काढले. चेहराभर तांबूस ठिपके. मग आठ बाय दहा इंची निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरली आणि बाई संगमरवरी झाल्या. दुसरा पंथ पोलंडच्या आंजेय द्रागानचा. हा पेशानं भौतिकशास्त्रज्ञ. सुरकुतीची घळ अजून काळी करायची, तिची कड अजून उजळायची, एकेका रंध्राला न्याय द्यायचा. सासूबाई पहिल्या पंथाच्या, मुलगा दुसऱ्या.

दोन रात्री जागून त्यानं फोटो आईपुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग पदर डोक्यावरून घेतला. “ह्या कुठे भेटल्या तुला? ह्या माझ्या सासूबाई.”

पुढची मागणी “जरा उजळ कर” ही होतीच. आपल्याकडच्या स्टुडिओत हे न सांगता होई. आमच्या पिढीच्या लग्नाच्या फोटोंत कोकणस्थ-देशस्थ असा भेदच उरलेला नाही. पण अमेरिकेनं तरी कुठे वेगळं केलं? कोडॅकच्या रंगांचा बेत वर्षानुवर्षं ‘शर्ली कार्ड’वर, म्हणजे एका गोऱ्या बाईच्या फोटोवर ठरे. शर्ली ही कोडॅकचीच कर्मचारी. तिची त्वचा बरोबर उतरली की जग बरोबर. सावळी माणसं त्यात काळोखात जात, त्यांची फारशी दखल कोणी घेतली नाही. घेतली ती चॉकलेटवाल्यांची आणि फर्निचरवाल्यांची : आमचं डार्क चॉकलेट आणि मिल्क चॉकलेट फोटोत सारखंच दिसतं, लाकडाचे पोत कळत नाहीत! मग तपकिरी छटा सुधारल्या. आज माझा गाल फोटोत बरा येतो तो एखाद्या शिसवी टेबलाच्या पुण्याईनं.

एवढी कीर्ती झाल्यावर माझ्या मैत्रिणीनं मुलाला बायोडेटाच्या फोटोसाठी आमच्याकडे पाठवलं. हे काम नवऱ्याला अप्रतिम साधलं. त्रिकोण नेमका, जॅकेट अंधारात विरलेलं, डोळ्यात ठिपका, चेहऱ्यावर असं गांभीर्य, जणू पोरानं कधी व्हिडिओ गेम पाहिलेलाच नाही. फोटो डॅलसला एका घरी गेला. मुलीच्या आईचा फोन आला.

“फोटो अगदी सुरेख आहे हो. फक्त एक विचारायचं होतं. राग मानू नका. दुसऱ्या गालाला काही आहे का?”

मैत्रीण फोन ठेवून थेट आमच्याकडे. नवऱ्यानं तिला ऐकवलं, की खुद्द अमेरिकन सरकार २००४ पर्यंत ग्रीन कार्डला असाच वळलेला चेहरा मागायचं, उजवा कान दिसला की बास.

“सरकारला मुलगी द्यायची नव्हती,” मैत्रीण म्हणाली.

मग दुसरा गाल, पहिला गाल आणि दोन्ही कान असा फोनवर काढलेला एक फोटो, भर दुपारी, ड्राइव्हवेवर, डॅलसला रवाना झाला. मुलीनं तो उघडलासुद्धा नाही. ती डोळ्यांची डॉक्टर, तिला पहिलाच फोटो पुरला होता. तो तिनं मोठा करत करत बुबुळापर्यंत नेला. हे होतं, बरं का : रॉब जेन्किन्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं २०१३ साली, ३९ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोंतल्या डोळ्यांत उमटलेली समोरची माणसं ओळखता येतात, हे दाखवलं होतं. मुलाला तिचा मेसेज आला. लायटिंग आवडलं. पण दिव्यापुढे बेकिंगचा कागद आहे का? गाऊनमध्ये हात पसरून उभ्या असलेल्या त्या बाई कोण? सोफ्यावर बसलेल्या आजी कोणावर रागावल्या आहेत? आणि बाईंच्या हातात आहे ती चंद्रकळा का?

मैत्रीण कपाळाला हात लावून बसली. नवरा बुबुळ कसं पुसता येईल ते शोधू लागला. मी गाऊन बदलायला आत गेले.

“मुलीला साडीतलं कळतं,” सासूबाई म्हणाल्या. “होकार कळवून टाका.”