पानिपतचं गवत

मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनात नवख्या माणसाने 'खेळणं' हा शब्द तोंडातून काढू नये. काढलाच, तर टेबलापलीकडचा माणूस हसतो खरा, पण ते हसू बँकेत 'सर्व्हर डाउन आहे' असं सांगणाऱ्या कारकुनाचं असतं. त्यानंतर त्याच्याकडून तुम्हाला काही मिळत नाही. 'झुकझुकगाडी' हाही शब्द टाळावा. समोरच्याने वीतभर लांबीच्या स्लीपर डब्याच्या खिडक्यांना एकेक गज चिकटवण्यात रात्री घालवलेल्या असतात. आपल्याकडच्या डब्यांना खिडकीत आडवे गज असतात, परदेशी डब्यांना नसतात, आणि तयार मिळणारे डबे बहुतेक परदेशी. म्हणजे हौशी माणसाचं पहिलं काम डब्यांना गज बसवणं. एका गृहस्थांनी ते तांब्याच्या तारेचे केले होते. मी भिंग मागून घेतलं आणि मोजले. गज बरोबर होते, आणि माझं भिंग मागणं त्यांना आवडलं, हे त्यांनी लगेच खुर्ची पुढे सरकवली त्यावरून कळलं.

त्यातल्या त्यात निर्धोक प्रश्न म्हणजे "स्केल कोणतं?" याला बहुधा "एचओ" असं उत्तर येतं. म्हणजे खऱ्याच्या एक सत्त्याऐंशीअंश. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. इथपर्यंत सगळं गोड असतं. पण घरी जाऊन कागद-पेन्सिल घेतली की घोटाळा लक्षात येतो. साडेसोळा गुणिले सत्त्याऐंशी म्हणजे १४३५ मिलिमीटर, म्हणजे युरोपची गेज. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिला या हिशेबाने एकोणीस मिलिमीटरहून थोडी जास्त जागा हवी. तसे रूळ दुकानात मिळत नाहीत, म्हणून प्रदर्शनातली आपली दणकट इंजिनं परक्या रुळांवर पाय आखडून उभी असतात. हे त्या मंडळींना ठाऊक असतं. विचारलं तर काही जण सुस्कारा सोडतात आणि काही जण असे सुरू होतात, की तुमची परतीची गाडी चुकते.

गंमत म्हणजे या हिशेबात नॅरोगेजवाले भाग्यवान. कालका–शिमला लाइन ७६२ मिलिमीटरची. तिला सत्त्याऐंशीने भागलं तर पावणेनऊ येतात, आणि बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. त्यामुळे कालका–शिमला मांडणारे सरदारजी प्रदर्शनात फार ताठ मानेने वावरताना दिसले. माथेरानची लाइन ६१० मिलिमीटरची, तिचं मात्र इथेही जमत नाही. माथेरानच्या नशिबी पायउतार होणं असतंच.

आता मी राहतो पानिपतात. इथे बदली झाल्याचं कळवलं तेव्हा पुण्याच्या मामांनी फोनवर दीर्घ श्वास घेतला आणि "जपून राहा" एवढंच म्हणाले, जणू अब्दाली अजून यमुनेपलीकडे तळ देऊन बसलाय. प्रत्यक्षात इथे घोंगड्यांचे, चादरींचे कारखाने आहेत, लोणच्याची दुकानं आहेत आणि रेल्वे भरपूर आहे. दिल्ली–अंबाला–कालका लाइन १८९१ सालची. पुण्याची झेलम एक्स्प्रेस इथे थांबते, त्यामुळे चितळ्यांची बाकरवडी आमच्याकडे अधूनमधून रुळांवरून येते. मोठी रेल्वे एवढी असताना छोट्या रेल्वेचं मात्र गावात नावही नाही. ती पाहायची तर दिल्ली गाठायची, नव्वदेक किलोमीटर, लोकलने.

या लोकलमध्ये रोजचे प्रवासी मांडीवर रुमाल पसरून सीप नावाचा पत्त्यांचा डाव खेळतात. समालखा येईपर्यंत डाव रंगतो आणि सोनिपतला भांडण होतं. मी कुठे चाललोय हे त्यांना एकदा कळलं. "बड़ी वाली में बैठ के छोटी वाली देखने जा रहे हो?" एकाने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने पत्ता टाकला आणि बाजूच्याला म्हणाला, "महाराष्ट्र के हैं." त्याच्या लेखी तेवढं स्पष्टीकरण पुरेसं होतं.

दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे, १९७७ साली उघडलेलं. नवख्याने तिथून सुरुवात करावी, कारण तिथे खऱ्या गाड्यांनीच आधी डोकं फिरतं. पतियाळा संस्थानची मोनोरेल तिथे आहे, १९०७ सालची. एक रूळ जमिनीवर, आणि तोल जाऊ नये म्हणून एक मोठं चाक शेजारच्या रस्त्यावरून चालणारं. सुरुवातीला ती खेचरं ओढत असत. एवढी विचित्र गाडी पूर्ण आकारात कुणीतरी बांधली हे पाहिल्यावर घरातल्या टेबलावर घाट बांधणारी माणसं एकदम समंजस वाटू लागतात.

हौशी लोकांचं प्रदर्शन मात्र वेगळंच. एखादा शाळेचा हॉल, जोडलेली टेबलं, त्यांना खालून लावलेला काळा पडदा, आणि पुढे मुलांची रांग. लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. बाबा विचारतात, "कितने का है?" मुलं ओरडतात, "और तेज!" आणि एखादा धीट मुलगा टक्कर करून दाखवायला सांगतो. वेगाचं एक गणित मला तिथेच कळलं. खरी गाडी ताशी शंभर किलोमीटरने धावत असेल तर टेबलावरची गाडी सेकंदाला बत्तीस सेंटिमीटर सरकली पाहिजे. आठ फुटांचं टेबल पार करायला सात-आठ सेकंद. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं. मुलांच्या समाधानासाठी कंट्रोलर पुरता फिरवला की गाडी विमानाच्या वेगाला पोचते आणि पहिल्याच वळणावर आडवी होते. चालकांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दुःख दिसतं ते पाहवत नाही.

अशाच एका हॉलमध्ये मला बोरघाट भेटला. मांडणारे गृहस्थ मूळचे डोंबिवलीचे, नोकरीमुळे आयुष्य दिल्लीत गेलेलं. मी "कर्जत का हो हे?" असं विचारल्यावर त्यांनी कंट्रोलर भाच्याच्या हातात दिला.

"ओळखलंत? इथे सगळे शिमला म्हणतात."

मी नवखा असल्याचं आधीच सांगून टाकलं. त्याचा फायदा होतो. जाणकाराला ही माणसं परीक्षेला बसवतात आणि नवख्याला घरात घेतात. त्यांनी हिशेब सांगितला. कर्जत ते लोणावळा अठ्ठावीस किलोमीटर. सत्त्याऐंशीने भागले तरी तीनशे वीस मीटर होतात. "आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा. मग काय करणार? पळसदरी गाळलं. ठाकूरवाडी गाळलं. मंकी हिल ठेवलं, कारण मंकी हिल काढून टाकलं तर बायको विचारेल, मग एवढा पसारा कशासाठी?" खऱ्या घाटात सदतिसास एक असा चढ आहे. तो त्यांनी तसाच ठेवला होता, आणि त्यामुळे त्यांचं इंजिन चार डब्यांच्या वर काही ओढत नव्हतं, चाकं जागच्या जागी फिरायची. "खऱ्या गाडीलाही मागून ढकलायला बँकर इंजिन लावतातच की," असं म्हणून त्यांनी दोन बोटांनी शेवटचा डबा हळूच पुढे ढकलला. वाफेच्या इंजिनांची ओळख चाकांच्या आकड्यांवरून सांगतात, पुढची, मधली, मागची: ४-६-२ वगैरे. त्या चालीवर विलायतेतले हौशी लोक ढकलणाऱ्या हाताला ०-५-० इंजिन म्हणतात. हे त्यांना मी सांगितलं, वाचलेलं होतं म्हणून. त्यांना ते इतकं आवडलं, की भाच्याला बोलावून त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं.

मग मी तो प्रश्न विचारला, जो मला लहानपणापासून पडत आला होता. गाडी डोंगरामागे जाते ती कुठे जाते?

"या," ते म्हणाले आणि काळा पडदा उचलला.

पडद्यामागचं जग पाहिलं नाही त्याने प्रदर्शन पाहिलं असं मी मानत नाही. पुढे सह्याद्री, मागे उघडा प्लायवूड. त्यावर खडूने लिहिलेले बाण, लाल-काळ्या तारांचे झुपके, प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी, एक स्टीलचा डबा, त्यात चिवडा. आणि पाच समांतर रुळांवर ओळीने उभ्या गाड्या, पाळीची वाट बघत. डेक्कन क्वीन बोगद्यातून आली, मागे येऊन थांबली, एक मालगाडी पुढे गेली, आणि थोड्या वेळाने तीच डेक्कन क्वीन पुढच्या लोकांसाठी मुंबईहून निघाली. १९३० पासून धावणाऱ्या गाडीचा पुणे मुक्काम इथे चिवड्याच्या डब्याशेजारी मिनिटभराचा होता. सांधे बदलायचं काम भाचा करत होता. आठवी-नववीतला मुलगा, पण चेहऱ्यावर मुरलेल्या सांधेवाल्याचा वैताग.

मालगाडीचा तिसरा डबा दर फेरीला एकाच जागी घसरत होता. दोन टेबलं जिथे जुळतात तिथे. गृहस्थांनी मला बोट तिथे ठेवायला सांगितलं. डोळ्याला काही दिसत नव्हतं, पण रुळावरून नख फिरवलं तर जोडावर ते किंचित अडकत होतं. एक रूळ दुसऱ्याहून कागदाएवढा वर. त्यांनी खिशातून कुणाचं तरी व्हिजिटिंग कार्ड काढलं, दुमडलं, खालच्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं आणि पुन्हा नख फिरवायला सांगितलं. अजून थोडं. कार्ड पुन्हा दुमडलं. मालगाडी गेली. माझ्या त्या नखाला रुळावरची काळी रेघ लागली होती. ती धूळ आणि तेल, चाकांना वीज पोचू देत नाही, म्हणून दर तासाला स्पिरिटच्या फडक्याने रूळ पुसावे लागतात. पुढे उभ्या लोकांना वाटतं, ही माणसं गाड्या खेळवतात. त्यांचा निम्मा वेळ पुसण्यात जातो.

दिवाळीत पुण्याला गेलो तेव्हा कर्वे रस्त्यावरच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात मुद्दाम गेलो. तिथे पूर्वीही गेलो होतो, पण तेव्हा फक्त समोरून पाहायची अक्कल होती. भाऊ जोशी यांनी उभं केलेलं हे छोटं शहर १ एप्रिल १९९८ पासून लोकांना पाहायला मिळतंय. त्याआधी, १९८० च्या दशकात, त्यांनी लक्ष्मी रस्त्यावरच्या गोखले हॉलमध्ये हलवता येणारा देखावा मांडून दाखवला होता. तो मांडायचा आणि उचलायचा व्याप काय असेल, हे आता नखाला रुळाचा जोड लागल्यावर मला समजतं. कायमची जागा करून तिथेच शहर वसवावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. तिथे सिग्नल आहेत ६५, सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे. दिवे मालवले की त्या गावात रात्र होते, घराघरांत उजेड लागतो, आणि प्रेक्षकांतल्या आज्या अगदी नियमाने "अगं बाई" म्हणतात. यावेळी सगळे गाडीकडे बघत होते, तेव्हा मी टेबलांचे जोड शोधत होतो. सापडले नाहीत.

आता गवताबद्दल. बोरघाटवाल्या गृहस्थांचा घाट पावसाळ्यातला, म्हणजे हिरवा असायला हवा. परदेशी गवताची पाकिटं मिळतात, पण चमचाभर भुशाला द्यावी लागणारी किंमत ऐकून बोरघाट बोडका ठेवावासा वाटतो. "तुम्ही कुठले?" त्यांनी सहज विचारलं. पानिपत म्हटल्यावर दिल्लीतला मराठी माणूस एरवी इतिहासात शिरतो. हे शिरले नाहीत. "म्हणजे शॉडी!" ते म्हणाले.

पानिपतात जगभरातले जुने लोकरी कपडे येतात. बायका उभ्या पात्यावर त्यांची बटणं, चेन, लेबलं कापतात आणि रंगांप्रमाणे ढीग लावतात. मग ते फाडून, पिंजून त्यांचं सूत होतं, तेच शॉडी, आणि सुताच्या घोंगड्या. रंग आधीच निवडलेला असल्यामुळे पुन्हा रंगवावं लागत नाही. म्हणजे गोदामात हिरव्याच हिरव्या स्वेटरांचा एक डोंगर असतो, आणि पिंजणाच्या यंत्राखाली हिरवा भुसा साचतो, तो झाडून टाकतात. मी पिशवीभर आणला. गृहस्थांनी चिमूट बोटांत चोळली, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलवर चहाच्या गाळणीतून चाळली, आणि मंकी हिलवर श्रावण आला. कुण्या स्कॉटिश म्हातारीचं कार्डिगन असेल ते. तेव्हापासून माझी प्रदर्शनातली पत वाढली. कालका–शिमलावाले सरदारजीही हल्ली दुरून हात करतात, त्यांना देवदारासाठी गडद छटा हवी असते.

मागच्या खेपेला डोंबिवलीकरांनी नवी मागणी नोंदवली. घाटाचा निम्मा भाग त्यांना मे महिन्यातला करायचाय, वाळलेल्या गवताचा. मी गोदामात जाऊन खाकी भुसा मागितला. मालकाने काट्याकडे बोट दाखवून विचारलं, किती? मी म्हटलं, दोन मुठी. कशाला, ते ऐकून त्याने माणूस पाठवून भुसा बांधून दिला, पैसे घेतले नाहीत, आणि एकच चौकशी केली: "वो गाड़ी पानीपत रुकती है?"

मी हा प्रश्न जसाच्या तसा डोंबिवलीकरांना पोचवला. झेलम आणा की एखादी, असंही सुचवलं. ते गंभीर झाले.

"झेलम दौंडवरून जाते. घाटात तिचं काय काम?"

"चार डबे आणि एक पाटी. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना." मग बराच वेळ रूळ पुसत राहिले. "दौंड–मनमाड बंद पडली असं धरलं, तर वळवून कल्याणवरून काढता येईल. परतीला चढावर बँकर लागेल, ते आहे. पण दौंड पावसाने बंद पडली असेल, तर झेलम हिरव्या बाजूलाच यायला हवी." त्यांनी माझ्या खाकी पुडीकडे पाहिलं. "आणखी हिरवं किती मिळेल हो?"