दाढ आणि दाखले

दाढ दुखली की माणसं डॉक्टरकडे जातात. मी पुस्तकांकडे गेलो. बोरीहून परभणीला एसटीनं जाता येतं, पण तिथं सुई असते. पुस्तकात नसते.

तोंडात लवंग आणि मांडीवर दंतवैद्यकाचा इतिहास, असे माझे उपचार सुरू झाले. सुश्रुतानं दातवण बारा अंगुळं लांब आणि करंगळीएवढं जाड सांगितलंय, हे कळताच बांधावरच्या लिंबाची फांदी आणून पट्टीनं मोजली. माप बरोबर आलं, हिरडी तेवढी सोलून निघाली.

"सुश्रुत मिश्री लावत नव्हता," सौ. म्हणाल्या.

शेजारच्या आजींचं निदान सरळ होतं: कीड. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या, नळीनं धूर दाढेवर घ्यायचा. किडे परातीतल्या पाण्यात पडतात. पॅरिसच्या पिअर फोशारनं १७२८ सालच्या ग्रंथात दातातल्या किड्याची समजूत खोडून काढलीय, असं मी ठणकावलं.

"मग नका घेऊ," आजी म्हणाल्या.

रात्री दाढ ठणकू लागली आणि पहाटे मी आजींच्या ओसरीवर नळी तोंडात धरून बसलो. डोळ्यांतून धारा लागल्या. पाण्यावर पांढरं काही तरंगलं. चष्मा लावून पाहिलं, तर तडकलेल्या बीमधला कोंब! फोशार खरा ठरल्याचा मला कोण आनंद झाला. गाल मात्र दुपारपर्यंत पुरीसारखा फुगला.

शेवटी सौ.नी मला परभणीला नेलं. डॉक्टर आमच्या पुतणीच्या वयाची. खुर्चीत बसताच मी सुरुवात केली, "भूल ही तुमच्याच लोकांची देणगी. बोस्टनचा दंतवैद्य मॉर्टन, साल १८४६, ईथर..."

"आ करा, काका."

मॉर्टन घशातच राहिला. त्याच्या आधी होरेस वेल्सनं नायट्रस ऑक्साइड देऊन दात उपटला, भर सभेत रोगी ओरडला आणि वेल्सची छी-थू झाली, हे नेमकं तेव्हाच आठवलं. सुई हिरडीला लागायच्या आधीच मी बोंब ठोकली. बाहेर बाकावर बसलेले एक गृहस्थ "उद्या येतो" म्हणून निघून गेले.

दाढ मात्र माझ्या प्रस्तावनेपेक्षा कमी वेळात निघाली. चिमट्यात धरून डॉक्टर हळहळली, "काका, लवकर आला असता तर वाचली असती हो."

माझ्या तोंडात कापसाचा बोळा. उत्तर सौ.नीच दिलं.

"ते वाचतच होते."