तयारी चालू आहे

त्याचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे त्याला 'सबनेट' म्हणतात. वय चाळिशीच्या किंचित अलीकडे, पाठीवर कंपनीने दिवाळीत दिलेली सॅक, सॅकमध्ये डबा, छत्री आणि क्रिम्पिंग टूल. महाप्याला एका ऑफिसात तो डेस्कटॉप सपोर्टला आहे. पण तो झाला पोटाचा उद्योग. त्याचा खरा व्यवसाय म्हणजे नेटवर्किंगची पहिली परीक्षा कोणती द्यावी, हे ठरवणं.

हे काम सोपं आहे असं ज्याला वाटतं त्याने त्याच्याशी एकदा बोलावं. मात्र लोकल पकडायची असेल त्या दिवशी बोलू नये.

"काका, रस्ते दोनच आहेत," अशी सुरुवात होते. एक सिस्कोचा सीसीएनए, दुसरा कॉम्पटियाचा नेटवर्क प्लस. सीसीएनए एकाच कंपनीच्या डब्यांभोवती फिरतो, पण नोकरीच्या जाहिरातीत नाव त्याचंच असतं. नेटवर्क प्लस कुठल्याच कंपनीला बांधील नाही, आणि म्हणून, सबनेटच्या मते, मुलाखत घेणाऱ्या साहेबालाच आधी तो समजावून सांगावा लागतो. नेटवर्क प्लसला ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, पास व्हायला ७२०, आणि गुणांची पट्टी १०० ते ९०० अशी. "म्हणजे नुसतं जाऊन बसलं तरी शंभर!" हे सांगताना त्याचा चेहरा उजळतो.

सीसीएनएचं नाव निघालं की तोच चेहरा पडतो. वेळ १२० मिनिटं, इथवर ठीक. पण पास व्हायला किती गुण लागतात हे सिस्को जाहीरच करत नाही. ज्या राज्यात पस्तीस हा आकडा पोरांना पाढ्यांच्या आधी कळतो, तिथे वाढलेल्या माणसाने हे कसं सहन करायचं? "किती लागतात तेच माहीत नाही, तर अभ्यास किती करायचा?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. त्यात भर म्हणजे एकदा पुढच्या प्रश्नावर गेलं की मागे फिरता येत नाही. सोपे प्रश्न आधी, प्रमेय शेवटी, आणि काहीच सुचलं नाही तर सुबक आकृती, या बोर्डाच्या शिकवणीवर वाढलेल्या पिढीला हा सरळसरळ अन्याय वाटतो.

दोन रस्ते संपले की तिसरा निघतो. सिस्कोनेच सीसीएनएच्या खालची सीसीएसटी नावाची पन्नास मिनिटांची परीक्षा काढली आहे. ती त्याला बालवाडी वाटते. या वयात बालवाडीत बसलेलं कुणी पाहिलं तर? मग ज्युनिपरची जेएनसीआयए. तिच्यावर त्याचं मन जवळजवळ बसलं होतं, इतक्यात जानेवारी २०२४ मध्ये एचपी एंटरप्राइझ ज्युनिपर विकत घेणार अशी बातमी आली. "दुकानच विकायला निघालंय काका, तिथलं सर्टिफिकेट घेऊन काय करू?" असं म्हणून त्याने तोही विषय बंद केला. लग्न मात्र त्याचं वेळेवर झालं. त्यात पर्याय कमी होते, असं त्याची बायको सांगते.

त्याच्या घरातलं पुस्तकांचं कपाट म्हणजे सिस्कोचा इतिहास आहे. सगळ्यात खालच्या फळीवर वेंडेल ओडम यांचे दोन जाडजूड खंड, खाकी कव्हर, वर लेबल. तेव्हा परीक्षेचा नंबर ६४०-८०२ होता. कव्हरं घालून होईपर्यंत २०१३ साल उजाडलं आणि २००-१२० आली. तिची उजळणी सुरू होते न होते तोच २०१६ मध्ये २००-१२५. त्या काळात सीसीएनए दोन हप्त्यांतही देता यायची, पण हप्ते या प्रकाराशी त्याच्या वडिलांचं गृहकर्जापासून वाकडं. २०१९ च्या जूनमध्ये सिस्कोने सांगितलं की २४ फेब्रुवारी २०२० पासून हप्ते बंद, एकच परीक्षा, नंबर २००-३०१. जगभरच्या पोरांनी जुनी परीक्षा मुदतीच्या आत उरकायला धाव घेतली. सबनेट धावला नाही. "मोडीत निघणारी परीक्षा आता कशाला द्यायची?" नवे खंड आले, नवी कव्हरं चढली आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागला.

मग घरबसल्या परीक्षा द्यायची सोय झाली. नियम असे की खोलीत दुसरं कुणी असता कामा नये, टेबल स्वच्छ हवं, चारी बाजूंचे फोटो पाठवायचे आणि परीक्षा संपेपर्यंत दार उघडता कामा नये. हे नियम ज्याने केले त्याने डोंबिवलीतला वन बीएचके पाहिलेला नसावा. सबनेटने एका संध्याकाळी रंगीत तालीम घेतली. देव्हारा त्याच खोलीत. सात वाजता आजी दिवा लावायला आली, सव्वासातला काडेपेटी विसरली म्हणून आली, आणि साडेसातला "एवढा वेळ गप्प का बसलाय हा?" हे बघायला शेजारच्या काकूंना घेऊन आली. परीक्षा पुढे गेली.

फीचं प्रकरण आणखी नाजूक. सीसीएनएची फी ३०० डॉलर, वर कर. त्यामुळे तो शेअर बाजारातल्या माणसासारखा रोज सकाळी डॉलरचा भाव बघतो. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया घसरून डॉलर ६८ पर्यंत गेला तेव्हा त्याने ठरवलं, उतरला की फॉर्म भरायचा. २०२२ मध्ये डॉलरने ८० ओलांडली. अजून तो उतरायची वाट बघतोय. शिवाय सर्टिफिकेट तीन वर्षांनी शिळं होतं. "दहावीचं कधी शिळं झालं का रे?" असं वडिलांनी विचारलं, तेव्हा त्याने कागदावर हिशोब मांडला. सुरुवातीलाच पास झाला असता तर आजवर किती वेळा नूतनीकरण करावं लागलं असतं आणि त्याचे किती पैसे वाचले, असा तो हिशोब होता. आकडा मोठा होता. वडील गप्प झाले.

याचा अर्थ तो अभ्यास करत नाही असा नाही. अभ्यास इतका करतो की घरच्यांचाही होतो. लॅमिंग्टन रोडवरून त्याने दोन जुने सिस्कोचे स्विच, एक राउटर आणि फिकट निळी कन्सोल केबल आणली. पॅकेट ट्रेसर फुकट मिळतो आणि त्यात हे सगळं पडद्यावर करता येतं, हे त्याला ठाऊक आहे. पण खऱ्या डब्याच्या पंख्याचा आवाज ऐकल्याशिवाय त्याला शिकल्यासारखं वाटत नाही. त्या आवाजात आई-बाबा मालिका सबटायटलवर बघतात. नेटवर्किंगच्या ओएसआय नमुन्याचे सात थर पाठ करायला 'प्लीज डू नॉट थ्रो सॉसेज पिझ्झा अवे' असं एक जगप्रसिद्ध वाक्य आहे. ते तो रोज सकाळी आंघोळ करताना म्हणत असे. सॉसेज म्हणजे काय हे आजीला कळलं त्या दिवशी ते बंद झालं.

एक मात्र मी त्याच्या बाजूने ठामपणे सांगीन. डम्प नावाचा चोरीचा माल, म्हणजे फुटलेल्या प्रश्नांची पाठांतराची यादी, त्याने कधी हातात धरली नाही. आमच्याच बी विंगमधला एकजण तेवढ्यावर पास झाला आणि नोकरीला लागल्यावर व्हीलॅन, म्हणजे स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क, कसा करायचा हे विचारायला रात्री सबनेटच्या दारात आला. सबनेटने त्याला चहा पाजला आणि व्हीलॅन शिकवला. टोमणा एकही मारला नाही.

आणि त्याला येतं किती! मागे सोसायटीचे सगळे कॅमेरे एका रात्रीत बंद पडले. कॅमेरेवाल्याने अख्खी यंत्रणा बदलायचा खर्च लिहून दिला, तातडीची सभा भरली, खजिनदारांना घाम फुटला. सबनेट ऑफिसातून आला, सॅक न काढता वॉचमनच्या केबिनमधल्या टेबलाखाली शिरला आणि एक केबल उपसून बाहेर आला. झाडू मारताना सुटलेली केबल कुणीतरी सद्भावनेने परत लावली होती. दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये. एकच निरोप गोल गोल फिरत राहिला आणि सगळं नेटवर्क गुदमरलं. कॅमेरे सुरू झाले. मग त्याने सभेला, विषयपत्रिकेत नसताना, रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्ये यावर स्पॅनिंग ट्री नावाचा इलाज कसा काढला आणि आपल्या स्वस्तातल्या स्विचमध्ये तो का नाही, हे वीस मिनिटं समजावलं. चेअरमन भारावून म्हणाले, "तू सीसीएनए आहेस का रे?"

"तयारी चालू आहे," सबनेट म्हणाला.

संध्याकाळी पार्किंगमध्ये तो पोरांना सबनेटिंग शिकवतो. "समजा २५६ खोल्यांची चाळ आहे. तिचे चार सारखे भाग केले की प्रत्येकात ६४. पण पहिली खोली कुणाला द्यायची नाही, ती पाटी लावायला. शेवटचीही नाही, ती सगळ्यांना एकदम हाक मारायला. राहिल्या किती?" पोरं ओरडतात, "बासष्ट!" याला /२६ म्हणतात, हे त्यांना मग कळतं आणि ती आयुष्यभर विसरत नाहीत. त्याच्या हाताखालची पोरं सीसीएनए होऊन ऐरोलीला, हिंजवडीला लागली. पेढे द्यायला येतात तेव्हा तो त्यांना परीक्षेत काय काय आलं ते विचारतो, वहीत टिपून घेतो, आणि २०२४ पासून अभ्यासक्रमात एआय आलंय म्हटल्यावर पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबलेलं बरं, असं म्हणतो.

तेव्हा कुणाला नेटवर्किंग शिकायचं असेल तर आमच्या पार्किंगमध्ये रात्री आठनंतर यावं. फी नाही, स्टूल मात्र आपापलं आणावं. शिकवेल तो मन लावून. फक्त परीक्षा कोणती द्यावी, हे त्याला विचारू नका.