पंतसचिवांच्या मुलखात गायगर

अधिकारी म्हटला की त्याच्या हाताखाली माणसं असतात. किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याच्या हाताखाली गायगर नावाचं एक मोजयंत्र, एक नोंदवही आणि पिवळ्या स्टिकरांचा गठ्ठा असतो. हा गृहस्थ अणुभट्टीत किंवा कॅन्सरच्या दवाखान्यात असला तर कुणाला नवल वाटत नाही. पण तो संग्रहालयात नोकरीला आहे म्हटल्यावर ऐकणारा आधी हसतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "का हो, तिथं काय आहे?"

तिथं बरंच काही असतं. वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था 21 संग्रहालयं आणि वर एक प्राणिसंग्रहालय चालवते, आणि तिच्या नोकरवर्गात हे पद खरोखर आहे. भूशास्त्राच्या दालनात युरेनियमची खनिजं असतात. जुन्या लढाऊ विमानांच्या तबकड्यांवर अंधारात आकडे दिसावेत म्हणून रेडियमचा रंग फासलेला असतो. माशांच्या नमुन्यांचे एक्स-रे निघतात, प्राणिसंग्रहालयातल्या आजारी जनावरांचेही निघतात. पॅरिसला तर लुव्रच्या तळघरात चक्क कणत्वरक बसवलेला आहे. वर मोनालिसा मंद हसत असते आणि खाली शास्त्रज्ञ प्राचीन दागिन्यांवर प्रोटॉनचा मारा करत असतात. ती कशाला हसते, यावर एवढी पुस्तकं निघाली. तळघराचा संशय कुणी घेतलेला दिसत नाही.

विमानाच्या तबकडीची गंमत अशी, की तिची चमक काही वर्षांत विझते, पण रेडियम जागच्या जागी राहतं. त्याचा निम्मा भाग संपायला 1600 वर्षं लागतात. राजगडाचं बांधकाम चालू असताना कुणी तिथं रेडियमचा ठिपका लावला असता, तर आज त्यातला शेकडा 85 भाग शिल्लक असता. गडावरचे वाडे गेले, सदर गेली. ठिपका मात्र पुरातत्त्व खात्यालाही पुरून उरला असता.

राजगडाचं नाव निघालंच आहे, तर भोर-वेल्ह्यात उतरू. वेल्हे तालुक्याचं नाव सरकारी कागदावर आता राजगड झालं आहे. एसटीच्या थांब्यावर ते अजून वेल्हेच आहे. या दोन तालुक्यांत एवढं मोठं संग्रहालय नाही. हे पद मात्र इथं पोचलेलं आहे. अणुऊर्जा कायद्याखालच्या 2004 च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनुसार एक्स-रे मशीन चालवणाऱ्या दवाखान्याला असा अधिकारी नेमावा लागतो आणि 1983 साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची त्याला मान्यता लागते. म्हणजे पाय मोडून एक्स-रे काढायला आलेला गडी ज्यांना नुसतं "डॉक्टर" म्हणतो, ते कागदोपत्री किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारीही असू शकतात. ते सांगत नाहीत, कारण सांगितलं तर गडी मोडक्या पायानं घरी पळेल.

अशा नोकरीतल्या मुलाची सोयरीक जमवताना बैठकीत काय बोलणं होईल, याचा अंदाज बांधता येतो.

"मुलगा काय करतो?"

"मुंबईला म्युझियमात आहे. अधिकारी."

"कशाचा?"

"किरणांचा."

"बरं. आन् वरकमाई?"

इथं मुलाच्या मामांनी छाती काढून बोलावं, अशी वस्तुस्थिती आहे. किरणांच्या नोकरीतली वरकमाई म्हणजे अंगावर जमलेला डोस, आणि तिला कायद्यानंच आळा घातलेला आहे: पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. शिवाय तिचा हिशेब खिशावर लावून हिंडावं लागतं. छातीवरच्या बिल्ल्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. त्या किरणं गुपचूप साठवतात. प्रयोगशाळेत नेऊन तापवल्या की साठवलेलं उजेडाच्या रूपानं ओकतात आणि साहेबांचा आकडा बाहेर पडतो. मातीचं जुनं भांडं खरं की बनावट, हे ठरवायलाही हाच गुण कामी येतो. भांडं भट्टीतून निघाल्यापासून आजूबाजूची किरणं साठवत राहतं. चिमूटभर तापवलं की वय सांगतं. त्यामुळे खापर आणि अधिकारी यांची तपासणी एकाच तत्त्वावर होते. फरक इतकाच, की अधिकाऱ्याची वेळच्या वेळी होते आणि खापराला पगार नसतो.

आता समजा, भोरच्या राजवाड्यात उद्या असं थोर संग्रहालय निघालं. सिनेमावाल्यांनी तिथं इतके खोटे दरबार भरवले आहेत, की एक खरा भरल्यानं वास्तूचं काही बिघडणार नाही. "आपल्याकडच्या जुन्या वस्तू आणून द्या," अशी दवंडी फिरते. दारात टेबल टाकून अधिकारी बसतो. आणि वस्तू यायला लागतात.

पहिली येते गॅसबत्ती. आणणाऱ्या आजींनी ती पदरानं पुसूनच आणलेली असते. अधिकारी मोजयंत्र मँटलजवळ नेतो आणि सकाळपासून गप्प असलेलं यंत्र कडकड करू लागतं.

"आजी, ह्यात थोरियम आहे."

"असंल की. ह्याच्याच उजेडात माझं लगीन लागलं. तवा कुणी न्हाई मोजलं!"

आजींचं म्हणणं खोटं नाही आणि यंत्राचंही नाही. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञानं 1891 साली मँटलचा मसाला पक्का केला: शंभरात नव्व्याण्णव भाग थोरियम ऑक्साइड आणि एक भाग सेरियम. थोरियमसाठी जर्मनांना मोनाझाइटची वाळू हवी असे. 1909 साली शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला ती त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेली सापडली आणि तो थेट किनाऱ्यावर जाऊन पोचला. स्वातंत्र्यानंतर इंडियन रेअर अर्थ्सनं तिथली वाळू हाती घेतली आणि 1955 साली ट्रॉम्बेला थोरियमचा कारखाना निघाला. त्याचा मोठा गिऱ्हाईक कोण? मँटलवाले. अणुयुगाच्या गप्पा दिल्लीत चालल्या होत्या, तेव्हा वेल्ह्याच्या वराती थोरियम डोक्यावर घेऊन नाचत होत्या.

बत्ती फार धोक्याची नव्हे. मँटलचा चुरा मात्र नाकातोंडात जाऊ देऊ नये. अधिकारी वहीत लिहितो, पिशवीवर स्टिकर चिकटवतो आणि आजींना पावती देतो. आजी पावती उलटीसुलटी बघून विचारतात, "पैसं कुठं लिवल्यात?"

दुसरे येतात पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांच्याकडे वडिलांचं मनगटी घड्याळ, काटे हिरवट पिवळे. यंत्र पुन्हा बोलतं. काच शाबूत आहे तोवर घड्याळ गरीब असतं. उघडून काटे खरवडले की त्याची धूळ वाईट. अमेरिकेत न्यू जर्सीच्या ऑरेंज गावात असल्या तबकड्या रंगवणाऱ्या मुलींना ब्रशाचं टोक ओठांनी बारीक करायला शिकवलं होतं. जबडे झडून कित्येक मेल्या, आणि जगल्या त्यांनी 1920 च्या दशकात कंपनीला कोर्टात खेचलं. आजच्या कामगार सुरक्षा कायद्यांमागे त्या खटल्याचं मोठं पुण्य आहे. सुभेदार हे सगळं सावधान स्थितीत ऐकतात आणि म्हणतात, "म्हणजे चावी द्यायला हरकत नाही ना साहेब?"

तिसरा येतो नसरापूरचा एक तरुण, मोटारसायकल घेऊन. नंबरप्लेटवर "रेडियम" लावलंय, घातक आहे का, असा त्याचा सवाल. त्या चमकत्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो. ती नुसता दिव्याचा उजेड परत फेकते. यंत्र शांत राहतं. तरुणाचा चेहरा पडतो.

चौथे गुरुजी. त्यांनी शाळेचा दगडांचा खजिना आणलाय. त्यातलं वाघोलीच्या खाणीतलं कॅव्हनसाइट इतकं गर्द निळं, की बघणारा दोन पावलं मागं सरतो. यंत्राला त्यात रस नाही. तो रंग व्हॅनेडियमचा. खरं म्हणजे सह्याद्रीच्या दगडातच यंत्राला रस नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसाल्ट. ग्रॅनाइटच्या मानानं त्यात युरेनियम आणि थोरियम अगदीच किरकोळ. तोरणा चढून, छातीचा भाता करून यंत्र लावावं, तर ते आळसावल्यासारखं एखादी टिचकी देतं. तोरण्यावर महाराजांना धन सापडलं आणि त्यातून राजगड बांधला, असं सांगतात. अधिकाऱ्याला सापडते ती फक्त नैसर्गिक पार्श्वभूमी, आणि तीही कमी.

एवढ्यात रांगेतून कुणीतरी ओरडतं, "साहेब, ह्या खोलीत किरणं हायत का?" आहेत. विचारणाऱ्याच्याच अंगात दर सेकंदाला पोटॅशियमचे चार हजारांवर अणू फुटत असतात, म्हणजे शंभर माणसांच्या रांगेत चार लाख. हे खरं उत्तर दिलं तर राजवाडा रिकामा होईल, म्हणून अधिकारी म्हणतो, "धोका नाही." या नोकरीत खरं बोलणं सोपं असतं; कुठल्या खऱ्यानं सुरुवात करायची ते कळायला वर्षं जातात.

भीतीचा हिशेब माणसं कसा करतात, हे बघायला या टेबलासारखी जागा नाही. जुन्या शिकारखान्यातला पेंढा भरलेला वाघ घ्या. कातडं टिकावं म्हणून पूर्वी त्याला आतून आर्सेनिकचा साबण चोपडत. पोरं त्याच्या मिशा ओढतात, आईबाप फोटो काढतात. शेजारच्या कपाटावर पिवळा त्रिदली शिक्का दिसला की तीच आई पोराला कडेवर उचलते. वाघ मात्र या अधिकाऱ्याच्या खात्यात येत नाही.

भोरला सर्वांत घोर लागायचा तो जुन्या मोडी कागदांचा. त्यांना कसर लागते, वाळवी लागते, बुरशी येते. यावर किरणांचाच उतारा आहे. इजिप्तचा रामसेस दुसरा याच्या ममीला बुरशी लागली, तेव्हा 1977 साली फ्रान्समध्ये तिच्यावर गॅमा किरणं सोडली. आपल्या लासलगावच्या केंद्रात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून गॅमा किरणंच देतात, आणि 2007 साली अमेरिकेला निघालेला हापूसही तिथं हा संस्कार घेऊन गेला. ना ममी किरणोत्सर्गी झाली, ना कांदा. कागदाचं मात्र बेतानं घ्यावं लागतं. डोस जास्त झाला तर कीड मरते आणि कागदही ठिसूळ होतो. सनद वाचली पण वाचता येईना, असा प्रकार.

इथवर सगळी गंमतच आहे, आणि हे काम जमलं तर गंमतच राहतं. ते फसतं कसं, ते पाहा. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या राष्ट्रीय उद्यानात, संग्रहाच्या इमारतीत युरेनियम खनिजाच्या तीन बादल्या वर्षानुवर्षं पडून होत्या. 2018 साली एक मुलगा गायगर यंत्र घेऊन तिथं हिंडत होता, म्हणून त्या लक्षात आल्या. उचलणाऱ्यांनी फडक्याच्या काठीला अडकवून उचलल्या, असा आरोप पुढं झाला. नशिबानं त्या बादल्यांनी कुणाचं वाकडं केलं नाही.

सगळीकडे नशीब नसतं. 1987 साली ब्राझीलच्या गोयानिया शहरात, सोडून दिलेल्या दवाखान्यातलं सीझियमचं यंत्र भंगारवाल्यांनी उचललं. आतली निळी चमक बघून लोकांनी ती घरी वाटून नेली आणि चार माणसं मेली. 2010 साली दिल्ली विद्यापीठातलं, पंचवीसेक वर्षं न वापरलेलं कोबाल्टचं यंत्र लिलावात निघून मायापुरीच्या भंगार बाजारात गेलं. एक कामगार दगावला. दोन्हीकडे यंत्र बिघडलं नव्हतं. आत काय आहे हे ज्याला ठाऊक, तो माणूस किंवा तो कागद जागेवर नव्हता.

म्हणून या अधिकाऱ्याचं खरं हत्यार गायगर नव्हे, नोंदवही. आणि नोंदवहीला भोरइतकी योग्य जागा महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. शिवरायांच्या अष्टप्रधानांत सचिवाचं, म्हणजे पंतसचिवाचं, काम काय होतं? राजपत्रं तपासायची, मजकुरातलं अधिकउणं दुरुस्त करायचं, परगण्यांचे हिशेब पाहायचे, मग शिक्का. त्याच पदावरच्या शंकराजी नारायणांच्या घराण्याकडे 1697 पासून भोरचा मुलूख आला आणि पुढं त्याचं संस्थान झालं. मराठ्यांच्या इतिहासात तलवारीच्या जोरावर मिळालेल्या जहागिरी पुष्कळ. कागद तपासणाऱ्याचं संस्थान हे. वस्तू आली कधी, कुणाकडून, आत काय, मोजली कुणी, ठेवली कुठं आणि शिक्का कुणाचा, हे विचारणारा अधिकारी पंतसचिवांच्या मुलखात उपरा ठरायचं कारण नाही.

तोवर वाचकांनी आपापला माळा पाहून घ्यावा. जुनी गॅसबत्ती सापडली तर मँटल चुरगाळू नका, फुंकर मारू नका. हिरवट काट्यांचं घड्याळ असेल तर उघडून घासू नका. काच शाबूत ठेवा आणि पोरांच्या हाती देऊ नका. पिवळा त्रिदली शिक्का असलेली कुठलीही पेटी भंगारवाल्याला घालू नका, तो किलोमागं कितीही भाव देवो. सरळ पोलिसांना कळवा. आणि प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी बांधा: कुणाची, कधीची, आत काय. अक्षर दुसऱ्याला लागेल असं काढा आणि खाली तारीख घाला.