पहिल्या सेल्फला सल्ला

मोटरसायकल बंद पडण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात बटण दाबलं की काहीच होत नाही. दिवा मिणमिणतो, 'टक्' एवढा आवाज येतो आणि संपलं. बॅटरी उतरली हे शेंबड्या पोरालाही कळतं, त्यामुळे त्यात कुणाला रस नसतो. दुसरा प्रकार खानदानी. बटण दाबलं की सेल्फ जोमात फिरतो, इंजिन गरगरतं, आता उठेल, आता उठेल असं वाटत राहतं आणि गाडी काही उठत नाही. या प्रकारात वाद घालायला ऐसपैस जागा असते. म्हणूनच तो पिंपरी-चिंचवडात होऊ नये.

का, ते सांगतो. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे आमच्याकडे ज्वारीपेक्षा पत्र्याच्या शेडचं पीक जोरात यायला लागलं. १९७२ तर आमचं मोठंच साल. त्या साली प्राधिकरण झालं, बजाजची चेतक आली, फिरोदियांची लूनाही आली. दुष्काळसुद्धा त्याच सालचा, पण त्याचं श्रेय आम्ही मागत नाही. नंतर चाकणला कारखाना उभा राहिला, २००१ साली पल्सर आली, आणि आता ऑस्ट्रियाच्या केटीएमपासून इंग्लंडच्या ट्रायम्फपर्यंत नावं असलेल्या गाड्या आमच्या कांद्याच्या चाकणात जोडल्या जातात.

याचा परिणाम आमच्या सोसायटीवर झाला आहे. ए विंगमधले एक जण पिस्टन रिंगा बनवणाऱ्या व्हेंडरकडे आहेत. त्यांच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा वायरिंग हार्नेसला. बी विंगमध्ये डायकास्टिंग आणि पेंटशॉप समोरासमोर राहतात आणि पार्किंगवरून भांडतात. सी विंगमध्ये क्वालिटीतून निवृत्त झालेले काका आहेत. ते अजून निवृत्त झालेले नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर हातात सिलिकॉनची ट्यूब घेऊन सोसायटीतली फट न् फट बुजवत फिरतात. एवढी माणसं गोळा केली तर गच्चीवर अख्खी गाडी जोडून होईल. जोडलेली गाडी चालू झाली नाही तर काय करायचं, यावर मात्र तिन्ही विंगांचं एकमत नाही.

माझी गाडी कार्बोरेटरवाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा लागू झालं, बहुतेक नव्या गाड्यांना इंजेक्शन आलं. माझी त्याआधीची. कंपनीचं नाव सांगत नाही. इकडे कुठल्याही कंपनीचं नाव घेतलं की समोरच्याचा साडू तिथं निघतो.

तर मोशीहून महाळुंग्याला फर्स्ट शिफ्टला निघालो होतो. इंद्रायणीचा पूल ओलांडला, चिंबळी फाटा आला आणि गाडी घुटमळायला लागली. एक-दोन आचके दिले, बंद. बाजूला घेतली, न्यूट्रल केली, सेल्फ मारला. सेल्फ ठणठणीत. गाडी ढिम्म.

महाराष्ट्रात गाडी बंद पडली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "दादा, पेट्रोल आहे का?" विचारणारा थांबलाच नव्हता, चालत्या गाडीवरून विचारून गेला. त्याच्यामागचा थांबला. त्यानं माझ्या "आहे" या शब्दावर विश्वास न ठेवता किल्ली काढून घेतली, टाकीचं झाकण उघडलं, गाडी हलवली आणि आत डोकावून "आहे की" असा निर्वाळा दिला. झाकण लावलं. मग आपल्या डिकीतून प्लगपाना काढला. प्लगपाना बरोबर घेऊन फिरणारी माणसं वेगळ्या पंथाची असतात. त्यांच्या मते जगातला कुठलाही बिघाड प्लगपासून सुरू होतो. २००३ साली एका सिलिंडरला दोन प्लग असलेली पल्सर आली, २०१२ साली तीन प्लगची आली. प्लगांच्या संख्येबरोबर या पंथाचा आत्मविश्वासही वाढत गेला.

त्यानं प्लग काढला, टोपीत खोचला, इंजिनच्या पात्यांना टेकवला आणि मला सेल्फ मारायला लावला. निळी ठिणगी चट् चट् उडाली. "करंट आहे, पण प्लग काजळलाय," तो म्हणाला. पॉलिश पेपरनं घासला, फुंकर मारली, पुन्हा बसवला. सेल्फ मारला आणि गाडी उठली! "बघा, प्लग!" असं म्हणून तो गेला. मी त्याला मनोमन दंडवत घातला आणि वाटेत नवा प्लग घेतला.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा थांबली, ती पार आळंदी फाट्याजवळ. प्लग तर नवाकोरा. तेवढ्यात मागून आमचा हार्नेसवाला आला. "काका, पेट्रोल?" म्हणत त्यानंही टाकी उघडून पाहिली, झाकण लावलं, सीट काढली आणि वायरींचा एक गठ्ठा बाहेर ओढला. प्रत्येक कपलर सोडवून पुन्हा खटकन् बसवला. लाल किल स्विच दहा वेळा इकडून तिकडे केला. सेल्फ मारला, गाडी चालू. "लूज कॉन्टॅक्ट," तो म्हणाला. हे निदान फार सोयीचं असतं, कारण लूज कॉन्टॅक्ट कुठं होता हे कुणालाच दाखवता येत नाही आणि नव्हता हे सिद्धही करता येत नाही.

पुढे तळेगाव चौक होताच. १६६० साली चाकणच्या संग्रामदुर्गात फिरंगोजी नरसाळ्यानं शाहिस्तेखानाच्या फौजेला जवळजवळ दोन महिने झुंजवलं. ते काम आता हा चौक बघतो, आणि त्याला किल्लेदारही लागत नाही.

नंतर गाडी कंपनीच्या गेटसमोर बंद पडली आणि प्रकरण ऑफिशियल झालं. चहाच्या सुट्टीत मेंटेनन्सच्या साहेबांनी पांढऱ्या फळ्यावर इशिकावाचा माशाचा सांगाडा काढला. माणूस, मशिन, माल, पद्धत अशा काट्यांवर कारणं लटकवली. 'माणूस' या काट्यावर माझं नाव लिहिलं. मग पाच वेळा 'का' विचारण्याचा जपानी विधी झाला. गाडी का थांबली? इंजिन थांबलं. इंजिन का थांबलं? पेट्रोल मिळालं नाही. का मिळालं नाही? इथं दोन जणांनी खाली जाऊन टाकी उघडली आणि पेट्रोल असल्याची नोंद केली. चौथ्या 'का'ला भोंगा झाला. सुटताना बटण दाबलं तर गाडी पहिल्या सेल्फला उठली. साहेबांनी फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं : समस्या निवारण झाले.

संध्याकाळी सोसायटीच्या फाटकाजवळ ती पुन्हा बसली. काका तिथं होतेच. "तिरकी कर," त्यांनी हुकूम सोडला. काकांची हयात स्कूटरवर गेली आहे. ज्या पिढीनं चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावले, तिला मिळालेली स्कूटर रोज सकाळी चालू करण्यासाठी एका कुशीवर कलती करण्यात कमीपणा वाटत नसे. काकांना मी सांगायचा प्रयत्न केला की ही मोटरसायकल आहे, टाकी सीटखाली नाही. काका म्हणाले, "इंजिन ते इंजिन." आम्ही गाडी कलती केली. कार्बोरेटरच्या नळीतून पेट्रोल ठिबकायला लागलं. काका खूश. "बघ, पेट्रोल येतंय!" असं म्हणून त्यांनी टाकी उघडून आणखी एकदा खात्री केली. गाडी चालू झाली. काकांनी आयुष्यभर दिलेल्या सल्ल्यांपैकी एवढा एकच लगेच लागू पडला असावा, कारण त्यानंतर त्यांनी तो वॉचमनलाही ऐकवला.

"टाकी फुल करून घे, कमी पेट्रोलमध्ये कचरा ओढते," हा पेंटशॉपचा सल्ला. तोही पाळला. त्या दिवशी गाडी इंद्रायणीसुद्धा ओलांडू शकली नाही. आता घरातूनही सूचना आली, "अहो, कंपनीच्या बसला काय काटे लागलेत?"

शेवटी मोशीतल्या एका गॅरेजवर गेलो. पत्र्याची शेड, मोबिल ऑइलनं काळी झालेली फरशी, दाराशी सुट्या केलेल्या दोन स्कूटी. मी मेस्त्रींना सगळा इतिहास सांगितला. प्लग, हार्नेस, मासा, तिरकी. ते हातातल्या चेनला ग्रीस लावत राहिले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"टाकी उघडताना आवाज येतो का?"

एवढ्या मंडळींनी एवढ्या वेळा टाकी उघडली होती, पण हायवेवरच्या ट्रेलरच्या घरघरीत कुणी कान दिला नव्हता. मेस्त्रींनी गाडी स्टँडवर लावली, चालू करून सोडून दिली आणि चहा मागवला. दुसरा चहा येईपर्यंत गाडी आपणहून घुटमळली आणि बंद झाली. सेल्फ मारला. फिरतोय, उठत नाही. मेस्त्रींनी पुढं वाकून कान टाकीला लावला आणि किल्ली फिरवली. झाकण उचललं जाताना स्पष्ट आवाज आला. फुस्स. थोडा वेळ थांबून त्यांनी बटण दाबलं. गाडी उठली.

मग त्यांनी झाकण उलटं धरलं, उजेडात नेलं आणि नखानं खरवडलं. मोहरीएवढा पारदर्शक रबरी थेंब निघाला. "श्वासाचं भोक बुजवलंय कुणीतरी," ते म्हणाले. थेंब मी ओळखला. तसेच थेंब आमच्या सोसायटीच्या पत्रपेट्यांवर, मीटरच्या खोक्यांवर आणि लिफ्टच्या चौकटीवर आहेत.

कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल आपल्या वजनानं खाली उतरतं, त्याला ढकलायला पंप नसतो. जेवढं पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यावी लागते, आणि ती येण्यासाठी झाकणात बारीक वाट ठेवलेली असते. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला आपण एक भोक पाडून थांबत नाही, समोरच्या कोपऱ्यात दुसरंही पाडतो. नाहीतर तेल गचके खात येतं आणि मग येतच नाही. झाकणातली वाट बंद झाली की टाकीतल्या हवेचा दाब थोडा थोडा उतरत जातो. शेवटी पेट्रोल वरच अडकतं, कार्बोरेटरचा बाउल रिकामा होतो आणि इंजिन थांबतं. टाकी फुल असेल तर आत हवा अगदी थोडी असते, त्यामुळे दाब लवकर उतरतो आणि गाडी लवकर थांबते. पेंटशॉपनं असा हातभार लावला होता.

झाकण उघडलं की हवा आत शिरते, पेट्रोल उतरायला लागतं, बाउल भरतो. म्हणजे माझ्याकडे आलेल्या प्रत्येक तज्ज्ञानं पहिल्या मिनिटालाच गाडी दुरुस्त केली होती. त्यानंतरचा सगळा वेळ ते बाउल भरायची वाट बघत होते. तेवढ्यात कुणी प्लग घासला, कुणी कपलर काढले, कुणी मासा काढला आणि जो हाताशी होता त्याला यश मिळालं. उपचार आधी झाला, निदान नंतर, आणि श्रेय भलत्यालाच. कारखान्यांच्या मीटिंगांमध्ये हे नेहमी घडतं. फक्त तिथं पुढच्या फाट्यावर गाडी पुन्हा बंद पडत नाही म्हणून कळत नाही.

मेस्त्रींना पैसे विचारले तर म्हणाले, "कशाचे? थेंब तर तुमच्याच झाकणाचा." चहाचे मात्र मीच दिले.

संध्याकाळी तो थेंब कागदावर ठेवून काकांना दाखवला. काकांनी चष्मा लावून तपासला, बोटानं दाबून पाहिला. "माझाच आहे. पावसात टाकीत पाणी जातं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल घालतात, ते पाणी ओढून घेतं." हे सगळं शंभर टक्के बरोबर होतं. मी म्हटलं, "काका, पण गाडी चालत नव्हती." काकांनी विचारलं, "पाणी गेलं का आत?" "नाही." "मग काम ओके आहे," काका म्हणाले आणि माल पास झाला.

तेव्हा वाचकहो, तुमची कार्बोरेटरवाली गाडी सेल्फ फिरूनही उठत नसेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, मध्ये थोडं थांबा. आधी फुकटच्या गोष्टी बघा : किल स्विच, पेट्रोलचा कॉक, प्लगची टोपी. मग टाकीचं झाकण उघडा, पण डोळ्यांच्या आधी कान लावा. फुस्स झालं तर इंजिनाला हात लावू नका, झाकण साफ करा. नाही झालं तर प्लगची ठिणगी बघा, मात्र उघड्या टाकीपासून आणि सांडलेल्या पेट्रोलपासून लांब. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे गाडी कशानं उठली ते कळेल. आणि यातलं काही जमण्याआधीच कुणी थांबून "काय झालं?" विचारलं, तर बेधडक सांगा, "पेट्रोल संपलंय." त्यावर आमच्या भागात कुणाकडे सल्ला नाही. मागून पाय लावून ते तुम्हाला सरळ पंपापर्यंत ढकलत नेतात, आणि गॅरेज बहुतेक वेळा पंपाच्या शेजारीच असतं.