ऐकू येणार नाही असं वाजव

आमचा भाचा डीजे आहे, असं सोलापुरात कुणालाही सांगितलं की पुढचे प्रश्न ठरलेले. बेस किती, टॉप किती, जनरेटर स्वतःचा का भाड्याचा? टेम्पो आहे म्हटलं तर पोरगा धंद्यात टिकेल, ट्रॅक्टर आहे म्हटलं तर स्थळं सांगून येतील. आमच्या भाच्याकडे आहे एक लॅपटॉप, एक हेडफोन आणि पाठीवरची सॅक. शनिवार-रविवारी संध्याकाळी तो होटगी रोडच्या एका कॅफेत जॅझ लावतो आणि त्याचे पैसे घेतो. 'लावतो' इथपर्यंत लोकांना कळतं. 'जॅझ' कळल्यासारखं करतात. 'पैसे घेतो' म्हटलं की मात्र सगळे थबकतात. गाणी लावायचे पैसे? मग आमच्या चौकातला रसवंतीवाला आजवर किती लाखांना बुडाला म्हणायचा!

ही नोकरी त्याला विमानानं मिळवून दिली. २०२५ च्या जूनमध्ये होटगी रोडचं विमानतळ पुन्हा जागं झालं आणि मुंबईच्या आधी गोव्याचं विमान उडालं. तेव्हा पुण्याला जायला हुतात्मा एक्स्प्रेस, मुंबईला सिद्धेश्वर, आणि गोव्याला मात्र थेट विमान. सोलापूरकराची खरी निकड कुठली हे सरकारला अखेर कळलं. त्या विमानानं कॅफेचे मालक पणजीला गेले. फोंतैन्हासमधल्या एका उपाहारगृहात बसले. कोपऱ्यात एक दाढीवाला माणूस तबकड्या लावत होता, टेबलांवरची माणसं हळू बोलत होती आणि बिलं मोठी भरत होती. या दोन गोष्टींचा संबंध जोडायला मालकांना वेळ लागला नाही. परत आल्यावर त्यांनी असा पोरगा शोधायला सुरुवात केली, आणि गावात या कामाला दुसरा उमेदवारच नसल्यामुळे आमच्या भाच्याची गुणवत्तेवर निवड झाली.

मुलाखत काउंटरवरच झाली.

"यात शब्द असतात का?"

"काही गाण्यांत असतात, मालक."

"मग ती नको. शब्द आले की गिऱ्हाईक ऐकतं. ऐकायला लागलं की खायचं थांबतं."

"आवाज किती ठेवू?"

"ऐकू येणार नाही असं वाजव. पण बंद केलंस तर कळलं पाहिजे."

भरतमुनींपासून आजवर पुष्कळांनी संगीतावर लिहिलं, पण हॉटेलातल्या संगीताची इतकी नेमकी व्याख्या कुणाला सुचलेली नाही. मानधन ठरलं: संध्याकाळचे आठशे रुपये आणि एक कोल्ड कॉफी. त्यात आइस्क्रीम हवं असेल तर ते स्वतःच्या खिशातून. शिवाय डोक्यावर काळी गोल टोपी घालायची, कारण फोंतैन्हासच्या माणसानं घातली होती. त्याच्याकडे समुद्राचा वारा होता. आमच्याकडे मे महिन्यातले ४४ अंश आहेत. पण माहोल म्हणजे माहोल.

भाच्याची जागा केकचा फ्रिज आणि हात धुवायचं बेसिन यांच्या मधे. हात धुवून आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक त्याच्या लॅपटॉपवर चार थेंब झटकून जातं. त्याला तो दाद समजतो. डबल बासचा सोलो सुरू झाला की कोल्ड कॉफीचा मिक्सर लागतो, हा नियम इतका पक्का की हल्ली सोलो येण्याआधी भाचाच काउंटरवरच्या पोराकडे पाहतो, पोरगा मान डोलावतो आणि बटण दाबतो. जुगलबंदी म्हणजे आणखी वेगळं काय असतं? फर्माइशीही येतात. पेरी पेरी फ्राइज मागवणाऱ्या टेबलाला वाढदिवसाचं गाणं हवं असतं. एका बाईंनी "ते ओम् शांत वाटतं तसलं काहीतरी" लावायला सांगितलं, त्यावर भाच्यानं माइल्स डेव्हिस लावला, आणि बाई म्हणाल्या, हेच ते, आमच्या योगाच्या क्लासला असतं.

एकदा मात्र अशोक चौकाकडचं एक कुटुंब नातीच्या वाढदिवसाला आलं. सोबत आजोबा. त्यांची हयात यंत्रमागावर गेलेली. सगळे केककडे बघत होते आणि आजोबा स्पीकरकडे. आर्ट ब्लेकीचे ड्रम चालू होते. आजोबा उठले, सावकाश भाच्यापाशी आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरा, धोटा अडकतोय. बंद कर, नाहीतर ताणा तुटंल."

भाच्यानं समजावलं, की बिघाड काही नाही, ठोका जरा मागं ठेवून वाजवायचा असतो, मुद्दाम.

"मुद्दाम? आम्ही मुद्दाम असं केलं असतं तर जॉबरनं घरी बसवलं असतं."

असं म्हणून ते गेले नाहीत. बेसिनला टेकून गाणं संपेपर्यंत उभे राहिले, बोटानं फ्रिजच्या काचेवर ठोके मोजत. कॅफेत आजवर इतकी शिकलेली, पुण्या-बंगळूरला राहून आलेली मंडळी बसून गेली; ठोका नेमका कुठं मागं राहतो हे ओळखणारं गिऱ्हाईक ते एकच. आणि मालकांच्या नियमाप्रमाणे ते अगदीच वाईट गिऱ्हाईक, कारण ते ऐकत होते आणि त्यांचा केक प्लेटीत तसाच राहिला.

मालकांची अशी समजूत आहे, की हे वाण गोव्याहून आधी त्यांनीच आणलं. त्यांचा हिशेब नव्वद वर्षांनी चुकला आहे. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकनांचा बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला. पाठोपाठ टेडी वेदरफोर्ड हा पियानोवाला आला, मुंबई-कलकत्त्याच्या बड्या हॉटेलांत त्यानं वर्षं काढली आणि १९४५ मध्ये कलकत्त्यातच पटकीनं गेला. या मंडळींकडे बघून गोव्याची पोरं शिकली. चर्चच्या शाळेत स्वरलिपी वाचायला शिकलेली ही पोरं जॅझ ऐकून ऐकून उचलायची. त्यांतला आल्दोन्याचा अँतोनिओ शावियेर वाझ पुढं चिक चॉकलेट म्हणून गाजला. हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे त्याला. म्हणजे हॉटेलात पैसे घेऊन जॅझ वाजवणं हा आपल्या मुलखात जुना, अब्रूदार धंदा. तिथं लोक ऐकायचे, नाचायचे, आणि जेवायचेही. ऐकणं आणि खाणं एकदम जमत नाही हा शोध होटगी रोडचा.

पुढं १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि मुंबईच्या रात्री लवकर मावळायला लागल्या. पण तोवर या वादकांना दिवसाची पाळी मिळाली होती, सिनेमाच्या स्टुडिओत. आणि इथं आपला माणूस येतो. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र ऊर्फ अण्णा. चाल अण्णांची आणि ट्रम्पेट चिक चॉकलेटचं असा संसार जमला, आणि १९५१ मध्ये 'अलबेला' आला. चिक आणि त्याचा बँड त्यात झालरीचे सदरे घालून पडद्यावरसुद्धा दिसतो. 'शोला जो भडके'वर भगवानदादांनी जे दोन हात हलवले, ते सोलापुरातल्या प्रत्येक वरातीत कुठला ना कुठला काका आजही हलवतो आहे. चादरीच्या गठ्ठ्यातून परदेशी माल यावा तसं जॅझ आपल्या घरात सत्तर वर्षांपूर्वीच येऊन बसलं. पावती फाडलेली नसल्यानं कुणाला कळलं नाही, एवढंच.

भाच्याला हे सगळं पाठ. त्यामुळे एका रविवारी चार काकांच्या टेबलावरून "जुनं काहीतरी लाव की बे, भगवानदादांचं" अशी फर्माइश आली तेव्हा त्याला आकाश ठेंगणं झालं. त्यानं 'अलबेला' लावला, आवाज दोन घरं वर केला. कॅफे हलला. टेबलाखाली पाय वाजायला लागले. दोन काका उभे राहिले, तिसऱ्यानं शर्टाची बाही वर केली, आणि वेटर पोरगा चीज मॅगीची प्लेट डोक्यावर धरून मधल्या पॅसेजमधून असा काही गेला की टाळ्या पडल्या. मालक किचनमधून धावत आले.

"हे काय लावलालास बे? आपलं जॅझ ठरलंय."

"मालक, हेच जॅझ आहे. ही तुतारी वाजवणारा माणूस ताजमध्ये..."

"असंल. पण ऐकलालेत ना सगळे!"

त्या प्रसंगानंतर भाच्याच्या मानधनातून कोल्ड कॉफी वजा झाली.

मग मालकांना परवान्याचा पत्ता लागला. हॉटेलात ध्वनिमुद्रित गाणं लावायचं तर मुद्रणाचे हक्क बघणारी संस्था वेगळी, गीतकार-संगीतकारांचे हक्क बघणारी वेगळी. पहिली १९४१ ची पीपीएल, दुसरी १९६९ ची आयपीआरएस. कलावंताला त्याचे पैसे मिळावेत यात गैर काहीच नाही, भाचाही तेच म्हणतो. पण मालकांनी वकिलाला बसवून १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचून घेतला तेव्हा त्यांना ५२ वं कलम सापडलं. धार्मिक समारंभात गाणं वाजवलं तर हक्कभंग होत नाही, आणि धार्मिक समारंभात लग्नाची वरातही मोडते. म्हणजे स्पीकरची भिंत उभारून, दवाखान्याची तावदानं थरथरवत शिवशाही बस थांबवून धरली तर सूट. आणि बेसिनपलीकडे पोचणार नाही एवढं वाजवलं तर परवाना. मालक दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "रोज संध्याकाळी चार नंबरच्या टेबलावर एक साखरपुडा दाखवायचा. हार आपल्याकडून."

विमान उडालं त्याच वर्षी गावात डीजेमुक्त सोलापूरची हाक उठली. ती उठायलाच हवी होती. ज्याच्या घरात तान्हं मूल किंवा छातीचं दुखणं आहे त्याला मिरवणुकीचा मार्ग पाठ असतो. आमच्या सोसायटीच्या दारातही सह्यांचा कागद फिरला. भाच्यानं सर्वांआधी सही केली. नाव, पत्ता, आणि व्यवसायाच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं: डीजे. कागद घेऊन आलेल्या निवृत्त गुरुजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि भाच्याचा हात हातात घेतला. मतपरिवर्तन झालेला गुन्हेगार आयुष्यात प्रथमच भेटला, असं ते नंतर बायकोला सांगत होते.

डीजेबंदीच्या बातम्या आल्या आणि पंधरवड्यात एका मंडळाचे अध्यक्ष कॅफेत हजर. सोबत खजिनदार आणि एक पोरगा, मोबाइलमध्ये डेसिबल मोजायचं ॲप उघडून. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ हे आकडे अध्यक्षांना आता तोंडपाठ. पोरानं मोबाइल स्पीकरपाशी धरला, मग मिक्सरपाशी. मिक्सर नापास झाला.

"तू पास हाईस," अध्यक्ष भाच्याला म्हणाले. "यंदा मिरवणुकीला तूच. तुझं ते बारकं डीजे घेऊन ये."

"पण मी जॅझ लावतो, अध्यक्ष."

"ते काय असतं?"

भाच्यानं मालकांकडे पाहिलं, मालकांनी छताकडे पाहिलं. मग भाच्यानं 'अलबेला'च लावला, हळू. अध्यक्षांचे दोन्ही हात आपोआप उचलले गेले.

"हे होय! हे तर आमच्या आज्यापासून चालतंय. तेवढी पिपाणी जरा जास्त ठेव."

"ठेवतो. मानधनाचं कसं करायचं?"

अध्यक्षांनी खजिनदाराकडे पाहिलं. खजिनदारानं खिशातून वर्गणीचं पावतीपुस्तक काढलं, भाच्याचं नाव विचारलं, आणि पाचशे एकची पावती फाडून त्याच्याच हातात ठेवली.