गळकी खोली सोडून
आपल्याकडे हार्ड डिस्क मरत नाही, ती ‘अजून चालते’. मधले पंचवीस-तीस जीबी सडले? हरकत नाही. तेवढा पट्टा सोडून अलीकडे एक पार्टिशन, पलीकडे दुसरं. गळक्या खोलीला कुलूप ठोकून उरलेला वाडा भाड्याने दिल्यासारखं. तसं हे काम डिस्क स्वतःच गुपचूप करत असते. खराब सेक्टरचा पत्ता राखीव सेक्टरकडे वळवायचा आणि वर ताकास तूर लागू द्यायची नाही. वाचताच न आलेला सेक्टर मात्र तिलाही लपवता येत नाही, म्हणून तक्रार आपल्यापर्यंत पोचते. १९८० च्या दशकातल्या डिस्का निदान प्रामाणिक होत्या. खराब जागांची यादी कारखान्यातूनच लेबलवर चिकटवून यायची!

गूगलने २००७ साली लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास मांडला. तपासणीत पहिला दोष दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली. पण आपला भरवसा जुगाडावर. आणि एवढ्या खटपटीने वाचवलेल्या डिस्कवर ठेवायचं काय? तर बॅकअप! सिनेमे ठेवा हो, खुशाल ठेवा. लग्नाच्या फोटोंची दुसरी प्रत मात्र धडधाकट डिस्कवर आजच काढा.